हरण्या उजवीकडचा

हिंडलगा,
२८ ऑक्टोबर १९८२

ती. अण्णा,

धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराला पत्र लिहावं, हे आपल्या घराच्या रीतीत बसत नाही. मला ठाऊक आहे. पण घरात सध्या जे चाललंय तेही कुठल्या रीतीत बसत नाही, तेव्हा तुम्ही थोडं चालवून घ्या. मस्कतचा पत्ता सासूबाईंनी दिला. 'म्या दिला म्हणून कुनाला सांगू नगं,' असंही वर बजावलंय.

परवा खंडेनवमी झाली. नांगर, कुदळ, कोयते, विळे धुऊन मांडले आणि मधोमध पाटावर चेंडू. लग्न होऊन आले त्या वर्षी मला हसू आवरलं नव्हतं. मी निपाणीची, आमच्या माणसांचा सगळा जन्म तंबाखूच्या वखारीत. फुटबॉल मी पाहिला होता तो पेठेतल्या दुकानात जाळीत टांगलेला. इथं बघते तर सासरे गोलकीपर, नवरा गोलकीपर, दीर फुलबॅक, आणि सासूबाईसुद्धा चुलीपुढं बसून 'त्यो ऑफसाइड व्हता' म्हणतात. यंदा सासूबाईंनी चेंडूशेजारी तुमचे जुने बूटही मांडले. मामंजींनी ते उचलून ओसरीवर ठेवले. सासूबाईंनी परत आत आणले.

मग हे चेंडूला कुंकू लावायला बसले. बोट बुडवलं, पुढं नेलं आणि कुंकू लागलं पाटाला. चेंडू राहिला बाजूला. मी म्हटलं, 'मडगावचे मोठे गोलकीपर, बसलेला चेंडू घावंना व्हय!' ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं काही बरं नव्हतं. माझं हसू तिथंच जिरलं.

तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे. चहा कपातून बशीत ओतताना बाहेर सांडतो. डावीकडून कुणी बोललं तर मान नाही, सगळं अंगच वळवतात. काल पोरगी डावीकडून रांगत आली आणि ह्यांचा पाय तिच्या बोटांवर पडला. ती रडली तेव्हा ह्यांना कळलं. चेहरा असा पांढरा पडला की मी पोरीला उचलायचं सोडून ह्यांच्याकडंच बघत राहिले.

विचारलं तर म्हणतात, बोट दुखतंय, लक्ष नव्हतं. बोट मोडलंय हे खरं. त्यासाठीच मडगावच्या क्लबानं जानेवारीपर्यंत घरी पाठवलंय. दिवाळीनंतर बोट जुळलं की बेळगावातल्या स्पर्धेत हिंडलग्याकडून उतरणार आहेत. जानेवारीत फायनलला क्लबाचे मॅनेजर मिनेझिस येणार, हात बरा झालाय का ते बघणार, आणि मनाला आलं तर आणखी तीन वर्षांचा करार करणार. घरात सध्या दुसरा विषय नाही.

अण्णा, मेमध्ये मी बाळंतपणानंतर अजून माहेरीच होते. आले तर तुमची ट्रंक नव्हती आणि तुम्ही मस्कतला. सात वर्षं दोघं भाऊ एका क्लबात खेळलात, एका ताटात जेवलात. काय झालं म्हणून विचारलं तर हे म्हणतात, 'अण्णाला आखाताचं वारं लागलं.' मामंजी म्हणतात, 'भरमू भित्रा निघाला.' तुम्हाला मी एकदाच खेळताना पाहिलंय. त्या दिवशी तुम्ही भित्रे वाटला नव्हता.

मला खरं काय ते कळवा. मला भीती वाटते आहे आणि कशाची ते कळत नाही.

तुमची
शालू


हिंडलगा,
२ डिसेंबर १९८२

ती. अण्णा,

तुमचं पत्र आलं. वाचलं आणि चुलीत घातलं. न वाचता घातलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

म्हणजे गेल्या डिसेंबरातच. समोरच्या टीममधल्या गड्याचा बूट तोंडावर बसला, डावा डोळा अंधुक झाला, आणि ह्यांनी क्लबात कुणाला सांगितलं नाही. उरलेला सगळा सीझन तुम्ही ह्यांच्यापुढं उभं राहून ओरडत होता, मामंजींनी लहानपणी बैलांच्या नावांनी शिकवलं होतं तसं, आणि हे तुमच्या आवाजावर उड्या घेत होते. मी तुमची ती एक मॅच पाहिली तेव्हा मैदानात 'हरण्याऽ', 'चांद्याऽ' ऐकून मला वाटलं होतं, गडी शेताची आठवण काढतोय! शेजारचा एक गोवेकर म्हणाला होता, ही तुमच्याकडची शिवी दिसते.

आणि मेमध्ये तुम्ही 'आता बास' म्हणालात, तर ह्यांनी तुमच्या थोबाडीत मारली. थोरल्या भावाच्या. मामंजी समोर बसून बघत राहिले. तुम्ही हे एका ओळीत लिहिलंय. मला ती ओळ पुढं वाचवेना.

मी काय केलं ते सांगते. माझं डोकं दुखतं, डोळे दाखवायचे आहेत, सोबत चला, म्हणून ह्यांना बेळगावला डॉक्टरकडं नेलं. आत गेल्यावर डॉक्टरांना म्हटलं, माझं राहू दे, ह्यांचे बघा. हे उठायला लागले. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. डॉक्टर म्हातारे होते, हसले, पण तपासल्यावर हसायचे थांबले. डाव्या डोळ्याचा आतला पडदा सुटलाय, आता त्या डोळ्याची नजर परत येणार नाही. उजव्याचा पडदाही तसलाच पातळ आहे. 'घराण्यात आणखी कुणाला आहे?' मी सासऱ्यांचं सांगितलं. त्यांचाही एक डोळा चेंडू लागून गेलाय, असं आम्ही सगळे मानत होतो. डॉक्टर म्हणाले, 'चेंडू सगळ्यांनाच लागतो. ह्यांच्यात मुळात पडदाच कच्चा आहे. आणखी एक तडाखा बसला तर ह्यांना हात धरून फिरवावं लागेल.'

बसची वाट बघताना हे म्हणाले, 'कुनाला बोलायचं न्हाय.'

'अण्णांना सगळं ठाऊक हाय,' मी म्हटलं.

बस आली तेव्हा हे माझ्यापासून दोन बाकं सोडून जाऊन बसले.

तरी मी मामंजींना सांगितलं. वाटलं, बाप आहे, हादरेल. त्यांनी आपल्या गेलेल्या डोळ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, 'एक गेल्यावर म्या तीन सीझन काढलं. देवानं दोन दिल्यात त्ये कशाला?' वर पोरीचा हात हातात घेऊन, 'हिचं पंजं बघ. पोरगी झाली, न्हायतर गोलात हुबी केली असती.' मी पोरीला त्यांच्याजवळून उचलून घेतलं. उद्धटपणा झाला. होऊ दे.

अण्णा, तुम्ही मिनेझिसला एक ओळ लिहा. तुमचं ऐकतील. तो करार झाला तर हे तीन वर्षं असल्या बुटांपुढं डोकं घालणार. रोज सकाळी हे उठले की मी आधी बघते, हे खिडकीकडं बघतात की नाही.

शालू


हिंडलगा,
३ जानेवारी १९८३

ती. अण्णा,

लिहिणार नाही म्हणालात. 'एकदा सांगून मार खाल्ला, आता भावाचा खेळ माझ्या हातानं बंद करणार नाही.' बरं. रागावले आहे, पण समजतंय.

मग मीच मैदानावर गेले. सासूबाईंनी पोरगी घेतली आणि म्हणाल्या, 'जा. पर पदर डोक्यावर घे.' बेळगावच्या कॅम्पातल्या मैदानावर बाईमाणूस म्हणजे मी एकटीच. दोरीला धरून उभं राहिलेले आपल्या गावचे पुरुष माझ्याकडं बघायचे आणि मग आभाळाकडं बघायचे. मी सरळ गोलाच्या मागं जाऊन उभी राहिले. जाळीच्या अलीकडं ह्यांची पाठ. मनात म्हटलं, पुढं अण्णा नाहीत, तर मागं मी. डोळा माझा. आवाज माझा. हे तोंड वर करून विचारणार नाहीत, मी विचारून लाजवणार नाही. नावं मला पाठ होतीच.

पहिला अर्धा वेळ बरा गेला. मग त्यांचा एक गडी डावीकडून पळत आला. ह्यांचा चेहरा उजवीकडं. मी जीव खाऊन ओरडले, 'हरण्याऽ!'

आणि हे उजवीकडं झेपावले. चेंडू डावीकडून सावकाश आत गेला.

पाठीमागून कुणीतरी म्हणालं, 'वयनी, बैल सुटला काय?' सगळे हसले. ह्यांनी उठून जाळीतून माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता. भूत दिसावं तसं बघत होते.

मॅच कशीबशी जिंकलो. चालत घरी येताना कॅम्प मागं पडला. मग हे म्हणाले, 'गडी डावीकडनं आलता. तू हरण्या का म्हणालीस?'

'हरण्या डावीकडचाच की!'

'हरण्या उजवीकडचा. चांद्या डावा.'

'कुठला चांद्या? मी या घरात आले तवा चांद्या मेलेला. नवा बैल डावीकडं उभा राहीना म्हणून मामंजींनी हरण्याला तिकडं जुंपलाय. रोज बघते मी.'

हे थांबले. बघत राहिले. मग असे हसायला लागले की बांधावर बसले. 'अगं, घरातला हरण्या कुठंबी जुंपू दे. मैदानातला उजवाच!' मीही हसले. किती महिन्यांनी हसलो असू. आणि हसता हसता ह्यांच्या ध्यानात आलं की मला सगळं कळलंय आणि आता काही लपवायचं उरलं नाही. एकदम पोरासारखे म्हणाले, 'फुडच्या ऐतवारी येशील न्हवं?'

गेले. काल सेमीफायनल होती. मी बरोबर ओरडले. डावीकडून आला की चांद्या, उजवीकडून आला की हरण्या. अण्णा, काय झेपा घेतल्या म्हणून सांगू! माझ्या तोंडातून शब्द निघायचा आणि तो माणूस तिकडं हवेत असायचा. आपला आवाज कुणाच्या अंगात असा शिरतो हे मला या जन्मी ठाऊक नव्हतं. एकदा तर चेंडूवर पडले तेव्हा समोरच्याचा बूट कानाला घासून गेला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर हे चेंडू पोटाशी धरून उठत होते आणि लोक नाचत होते.

ह्यांना खांद्यावर घेतलं. वरून ह्यांनी मला शोधलं आणि हात केला. मला इतकं बरं वाटलं, आणि वर केलेला हात मी तसाच खाली घेतला. कारण मला कळलं, मी काय करते आहे ते. तुम्ही जे करायला नको म्हणून मार खाऊन घर सोडलंत, ते मी हौसेनं करते आहे. मीच ह्यांना धरून मडगावला पोचवते आहे. तिथं गोलामागं मी नसणार, आणि बूट मात्र असणार.

रविवारी सोळा तारखेला फायनल. मिनेझिसची तार आली आहे, येतोय म्हणून. मामंजींनी कोट धोब्याकडं दिलाय. मला जेवण जात नाही.

शालू


हिंडलगा,
१७ जानेवारी १९८३

ती. अण्णा,

हे पत्र वाचताना बसून घ्या.

आपण काल तीन गोलांनी हरलो. तिन्ही गोल माझे.

घरून निघताना माझ्या मनात काही नव्हतं. देवाशपथ नव्हतं. मैदानावर पोचले तर मिनेझिस खुर्चीवर बसलेले, शेजारी मामंजी कोट घालून, आणि समोरच्या टीममध्ये तो उंच गडी. त्याच्या बुटांचे तळवे मी बघितले. खेळ सुरू झाल्यावर तो एकदा ह्यांच्या अंगावर गेला आणि ह्यांचं डोकं त्याच्या गुडघ्याला लागता लागता राहिलं. हे उठले, डोळे चोळले, आणि मिनेझिसनी टाळी वाजवली.

मग तो डावीकडून आला आणि मी ओरडले, 'हरण्याऽ!'

हे उजवीकडं गेले. चेंडू आत.

लोकांना वाटलं, चुकली बाई. मला शिव्या बसल्या, त्या मी इथं लिहीत नाही. दुसऱ्यांदा तसंच केलं. ह्या वेळी उठल्यावर हे मागं वळले आणि जाळीतून माझ्याकडं बघत राहिले. पंचांनी शिट्टी वाजवली तरी बघत होते. माझ्या तोंडावर पदर होता, पण पदरानं काय झाकतंय? मला वाटलं, आता हे ओरडतील, हाकलून देतील. काही नाही. वळले आणि गोलात उभे राहिले.

तिसरा उजवीकडून आला, अण्णा. चांगल्या डोळ्याच्या बाजूनं. आपल्या पोरीनं ढकलला तरी ह्याहून जोरात जाईल, इतका हळू. पायानं अडवला असता. मी म्हटलं, 'चांद्या.' ओरडलेसुद्धा नाही. नुसतं म्हटलं. ह्यांनी चेंडूकडं पाहिलं. मी मागून बघत होते, मान चेंडूबरोबर फिरताना मला दिसली. आणि हे डावीकडं पडले.

मिनेझिस सभ्य माणूस. शेवटपर्यंत थांबले, ह्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, बोटाची काळजी घे, क्लब तुला विसरणार नाही. गाडीत बसताना करार हा शब्द काढला नाही. मामंजी एकटेच पुढं चालत गेले. घरी येऊन कोट काढून खुंटीला लावला आणि भिंतीकडं तोंड करून निजले. सासूबाईंनी ह्यांना पाणी तापवून दिलं. त्या माझ्याशी नेहमीसारख्या बोलल्या. त्यांना कितपत कळलंय, मला सांगता येणार नाही.

परसात हे पाय धूत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. मार खायची तयारी होती. तुम्हाला मारलं तिथं मी कोण?

'तिसरा गोल उजवीकडनं येत हुता,' मी म्हटलं. 'दिसला नव्हता व्हय?'

'दिसला की. चेंडूची शिवण सुदीक दिसली.'

'मग डावीकडं का गेलासा?'

'तू सांगितलंस म्हणून.'

मी धुण्याच्या दगडावर बसले. हे पाय धूतच होते, आणि सांगत होते. 'पैल्याला वाटलं, परत बैलांचा घोळ झाला. दुसऱ्याला कळलं. म्हणून वळून बघितलं. तू रडत व्हतीस.' मग म्हणाले, 'मला सुटत न्हवतं गं. रोज म्हणायचो, ह्यो एक सीझन. अण्णानं सोडवायला बघितलं तर हात उचलला. आता तू सोडवाय लागलीस, मग म्हटलं, ऱ्हाऊ दे.'

अण्णा, मी दोन महिने ह्यांच्या डोळ्याला भीत होते. काल पहिल्यांदा ह्यांच्या विश्वासाला भ्यायले. मी सांगितलं असतं तर हा माणूस त्या बुटाच्या तोंडातसुद्धा गेला असता. हे मला आधी ठाऊक असतं तर मी गोलामागं उभी राहिलेच नसते.

आज सकाळी हे मामंजींजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, 'आप्पा, माझा डोळा गेलाय.' मामंजी भिंतीकडून ह्या कुशीवर वळले. मग म्हणाले, 'दुसरा कसा हाय?' त्यांनी आजवर ह्यांना कधी असं काही विचारलं असेल, असं मला वाटत नाही. हे म्हणाले, 'अजून हाय.' तेवढंच बोलणं झालं, पण मामंजी उठून बसले.

हे आत्ता माझ्याशेजारी आहेत. पत्र कुणाला म्हणून विचारलं. मी खरं सांगितलं. वाटलं उठून जातील, पण गेले नाहीत. मी लिहिते आहे ते बघत बसलेत. मग म्हणाले, 'अण्णाला लिव्ह, म्या सोडलं.' मी लिहिलं. 'आनि लिव्ह, की त्या दिवशी म्या हात उचलला, त्ये...'

तिथं थांबले. मी पेन धरून बसले आहे, आणि ह्यांच्या तोंडून पुढचं काही येत नाही. नुसते घसा खाकरतात, परत थांबतात.

उन्हाळ्यात या, अण्णा. हे वाक्य कागदावर पुरं व्हायचं नाही.

शालू